कौतिकाआत्यांची भट्टी

कौतिकाआत्यांचं सासर आणि माहेर एकाच गावात, जानेफळात होतं. मधे फक्त मारुतीचं देऊळ. देवळाच्या पलीकडच्या गल्लीत त्या सून होत्या. तिथे डोक्यावर पदर, नजर खाली, चालणं हळू. देवळाचा कोपरा वळून आमच्या गल्लीत आल्या की पदर डोक्यावरून उतरायचा आणि कमरेला खोचला जायचा. चाल बदलायची, आवाज मोठा व्हायचा. सत्तरी ओलांडलेली बाई एका वळणावर मुलगी होते हे मी रोज पाहत असे. मला ते फार बघावंसं वाटायचं, कारण माझं माहेर राजापूरच्याही पुढे एका वाडीत आहे, आणि तिथे पोचायला दोन गाड्या आणि एक आखा दिवस लागतो.

त्या माझ्या नवऱ्याच्या, गजाननच्या आत्या. सख्ख्या नव्हेत, सासऱ्यांच्या चुलत बहीण. पण सासरे गेल्यावर वडीलधारं असं त्याच उरलं होतं. आमच्याकडे येताना त्या नेहमी मागच्या दाराने येत आणि आधी स्वयंपाकघरात जात. माणसांना भेटण्याआधी चुलीला भेटायचं, ही त्यांची रीत. एकेकाळी अर्ध्या गावाच्या चुली त्यांनी घातल्या होत्या. त्या बदल्यात खण आणि नारळ घ्यायच्या, दुसरं काही नाही. आता सगळीकडे गॅस आला, तरी आंघोळीच्या पाण्याला नाहीतर पुरणाच्या मांड्यांना कुठे कुठे चूल होती, आणि माणूस कसा आहे हे त्या त्याच्या चुलीवरून सांगत. "पाटलीनबाईची चूल धुरते, म्हून तिचा आवाज असा घोगरा." "मास्तरच्या घरची चूल वाऱ्याच्या तोंडाले, तिथं कोनाचंच कोनाशी पटत नाई."

मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा त्या आमच्या ओट्यासमोर उभ्या राहून गॅसच्या शेगडीवरून बोट फिरवत होत्या.

"हा कोन पुसला?"

"मी."

"बरा पुसते." मग माझ्याकडे वळून, "कोन्या गावची व तू?"

"राजापूरकडची. कोकणातली."

"समुद्र हाये का तिकडं?"

"आहे. पण आमच्या वाडीपासून लांब पडतो."

"मंग कायचं कोकण थे," त्या म्हणाल्या, आणि चहा मागितला.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. मावशीबरोबर पुण्याला आले आणि एका खानावळीत भाज्या चिरायला लागले. पुढे एका पिझ्झाच्या हॉटेलात कणीक मळायचं काम मिळालं. तिथेच भट्टीवर गजानन होता. लग्न झालं, खोल्या बदलत राहिलो. एक खोली गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. मग एक दिवस मालकाने हॉटेलच विकलं. गजानन म्हणाला, गावी जाऊ, परसात भट्टी बांधू, मेहकर रस्त्यावरून येणारी पोरं, शिकवणीची पोरं, बाजाराच्या दिवशीची माणसं, कोणीतरी खाईलच. मी हो म्हटलं. मला भट्टीपेक्षा घर हवं होतं, हे खरं.

घर मोठे दीर दिलीपभाऊंच्या ताब्यात होतं. माणूस वाईट नाही, सरळ आहे. त्यांना परसात गोठा बांधून दोन म्हशी आणायच्या होत्या. ते म्हणाले, "दिवाळीपरेंत करा काय करायचं थे. चाललं तर चाललं. नाई चाललं तर मी खुटे ठोकतो." यात रागावण्यासारखं काही नव्हतं. पण भट्टी चालली नाही तर आम्हाला परत पुण्याला जावं लागणार, पुन्हा खोली शोधावी लागणार, हे त्या दिवसापासून माझ्या मनात बसलं. चांगलं चाललेलं असतानाही काहीतरी मोडेल असं मला वाटत राहतं. तेव्हा तर मोडण्यासारखं समोरच होतं.

गजाननने फोनवर व्हिडिओ पाहून काम सुरू केलं. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं, चिकट माती घ्या. आमच्या शेतातल्या काळ्या मातीइतकी चिकट माती कुठे मिळणार? त्याने तीच आणली, वाळूच्या ढिगावर थापली, घुमट केला. ओला होता तोवर फार सुंदर दिसत होता. मग आतली वाळू काढली आणि ऊन लागलं. घुमटाला बोट जाईल अशा भेगा पडल्या आणि एका दुपारी, आम्ही जेवत असताना, तो धप्पकन बसला.

आत्या परसाच्या भिंतीपलीकडून पाहत होत्या. त्या आवाजाचीच वाट पाहत असाव्यात.

"पडली न? बोलली होती मी."

त्या काहीच बोलल्या नव्हत्या. पण ही त्यांची सवय होती. गावात कोणाची बैलजोडी विकली गेली, कोणाचं लग्न मोडलं, बोअरला पाणी लागलं नाही, की त्यांचं ठरलेलं, "बोलली होती का नाई मी?" आणि समोरच्यालाही एवढ्या खात्रीने विचारल्यावर आठवल्यासारखंच वाटायचं.

"काळी माती शेताची असते बे, गजा," त्या म्हणाल्या. "थे पानी पेते अन् फाटते. घराले पांढरी लागते. इतका मोठा झाला, कोनी सांगतलं नाई तुले?"

"व्हिडिओत नव्हतं, आत्याबाई."

"थो व्हिडिओवाला जानेफळचा हाये का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घमेलं घेऊन आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. गावाच्या जुन्या वस्तीत एक घर पडून पांढऱ्या मातीचा ढीग झाला होता, तिथून माती आणायला त्यांनी गजाननला पिटाळलं. त्याच घराच्या विटा, फुटकी कवेलू, म्हणजे कौलं, चौकटीचा एक दगड. मला कवेलू कुटायला बसवलं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, दिलीपभाऊंच्या खळ्यावरून आलं. शेण घरचंच. माती भिजवून पायाने तुडवायची, रात्रभर झाकून ठेवायची, परत तुडवायची. तुडवताना त्यांचे नियम असत. चप्पल नाही. तोंडात तंबाखू नाही. आणि तुडवणाऱ्याने कोणाची चुगली करायची नाही. हा तिसरा नियम आम्हाला होता. त्यांना स्वतःला तो लागू नव्हता. त्या काठावर बसून संपूर्ण गावाचा हिशेब करत.

एकदा गजाननने पोतंभर रिकाम्या बाटल्या आणल्या. रस्त्यावरच्या धाब्यामागे पडलेल्या, दारूच्या. भट्टीच्या जमिनीखाली राखेत आडव्या ठेवल्या की आत हवा कोंडून राहते आणि ऊब खाली जात नाही, हे त्याने पुण्यात पाहिलं होतं. आत्यांनी पोत्यात डोकावून पाहिलं.

"अन् लोक काय म्हनतीन? गजा पेऊन पेऊन भट्टी बांधून राह्यला."

"आत्याबाई, मातीखाली जातीन त्या. कोन पाह्यते?"

"देव पाह्यते. अन् त्याच्याआधी शेजारीन पाह्यते."

मग त्यांनी काय करावं? बाटल्या भर गल्लीत, नळाजवळ मांडल्या आणि एकेक घासायला बसल्या. येणाराजाणारा थांबायच्या आत स्वतःच सांगायच्या, "माह्या नाई बरं. गजाच्याबी नाई. धाब्याच्या हायेत." ज्यांचं लक्षही नव्हतं तेही थांबायला लागले. संध्याकाळपर्यंत आमच्या घरी बाटल्या आहेत हे साऱ्या गावाला कळलं होतं. आत्या हात पुसत आत आल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "पाह्यलं? बोलली होती, लोक इचारतीन म्हून."

घुमटासाठी त्यांनी वाळू वापरलीच नाही. कोंबड्या झाकायचं एक जुनं बांबूचं डालं आणलं, ते उपडं ठेवलं आणि त्यावर मातीचे गोळे थापत गेल्या. आत आग पेटली की डालं आपोआप जळून जाईल, घुमट उभा राहील. गजानन पाहतच राहिला. शेवटचा थर मात्र त्यांनी कोणाला करू दिला नाही. गजानन पिझ्झाचं सामान आणि झाकणाला पत्रा आणायला खामगावला गेला होता. दिवसभर त्या नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन घुमट बाहेरून घासत होत्या. वरती अगदी टाळूच्या जागी त्यांचा हात फार हलका चालत होता. मधेच थोडी माती खरवडून काढत, बोटाने ठोकून आवाज ऐकत, परत खरवडत. मी विचारलं, "एवढं घासता कशाला, आत्याबाई?" त्या म्हणाल्या, "खरबरीत राह्यलं तर चिकटते." मी मान हलवली. काय चिकटतं, हे विचारलं नाही. त्या घटकेला विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

दिवाळी जवळ आली तेव्हा भट्टी वाळली होती. चाचणीच्या दिवशी दिलीपभाऊ आले, गल्लीतल्या बायका आल्या, पोरं भिंतीवर चढून बसली. गजाननने पऱ्हाट्यांनी, कपाशीच्या वाळल्या काड्यांनी, भट्टी पेटवली, मग बाभळीची लाकडं घातली. डालं तडतडत जळून गेलं, घुमट उभा राहिला. आत्या शेजारी उभ्या होत्या, हातात ओलं फडकं. घुमटावरून ते फिरवत होत्या आणि वाफ निघाली की खूश होत होत्या. मी कणीक लाटली, वर टोमॅटो, कांदा, चीज घातलं. गजाननने निखारे मागे सारले आणि लाकडी फळीवरून पिझ्झा आत सरकवला.

"अबे गजा!" आत्या ओरडल्या. "आगीत काऊन टाकला बे? वरतं टाक न, वरतं!"

त्या घुमटाच्या पाठीवर हात दाखवत होत्या.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग बायकांतल्या एकीच्या लक्षात आलं. "माय वो! आत्याबाईनं मांड्याचं खापर केलं!" आणि सगळं परस हसायला लागलं.

इकडे पुरणाचे मांडे करतात ते उपड्या खापरावर. खाली आग, वर मातीची गोल पाठ, तिच्यावर हातभर लांबरुंद मांडा टाकायचा. आत्यांनी उभ्या आयुष्यात आगीवरचा गोल घुमट पाहिला तो तसाच. पिझ्झा म्हणजे कोकणातल्या सुनेचा जाड मांडा, असं त्यांनी धरून चाललं होतं. म्हणूनच ते घासणं. म्हणूनच टाळूला माती पातळ. आणि आम्ही तरी? पिझ्झा आत भाजतात, हे आम्ही त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. ते सांगायची गोष्ट आहे असंच आम्हाला वाटलं नव्हतं.

पिझ्झा बाहेर आला. खालून कोळसा, वरून कच्चा. पातळ टाळूतून सगळी ऊब निघून जात होती, आणि बघता बघता तिथे चीरही पडली.

आत्या हसल्या नाहीत. फडकं हातात तसंच होतं. हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मांडा जळू नाई, कच्चाबी राहू नाई, इतकाच पातळ ठेवला होता म्या." आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

दिलीपभाऊंनी गजाननच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही केलं न भाऊ, जेवढं होत होतं तेवढं. दिवाळी झाली का पाहू." पाहू म्हणजे खुटे. आम्हाला कळलं.

त्यानंतर आत्या आल्या नाहीत. भिंतीपलीकडेही दिसल्या नाहीत. गजाननने पुण्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, तिकडे एका उपाहारगृहात जागा होती. मी फराळ करत होते आणि मनात सामान बांधत होते. कुठली भांडी न्यायची, कुठली ठेवायची. माझ्यामुळे म्हातारीचं हसं झालं हेही डोक्यातून जात नव्हतं. दोनदा त्यांच्या गल्लीत जायला निघाले आणि मारुतीच्या देवळापासून परत आले. त्यांच्या सासरी जाऊन काय बोलणार?

भाऊबिजेला त्या आल्या. पुढच्या दाराने, हातात ताट, अंगावर ठेवणीतलं लुगडं. भाऊ, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून त्या दिलीपभाऊंना ओवाळत. दरवर्षी एक लुगडं मिळायचं, त्या ते डोळ्यांना लावायच्या, जेवायच्या, जायच्या. कधी काही मागितल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

दिलीपभाऊ पाटावर बसले. आत्यांनी निरांजन पेटवलं, कुंकवाचं बोट उचललं आणि मधेच थांबल्या.

"दिलीप, ओवाळनी काय टाकशीन?"

"लुगडं आनलं न, आत्याबाई. जांभळं. तुम्हाले आवडते थे."

"थे ठेव. औंदा मले परसातला कोपरा पाह्यजे. भट्टीचा."

दिलीपभाऊ हसले. "घर तुमचंच हाये, आत्याबाई. कोपरा कायले मांगता?"

"मंग दे."

आता ते हसले नाहीत. "अन् म्हशी कुठी बांधू?"

"म्हशीले शेत हाये. हिले कुठी हाये?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, पाहिलंही नाही. मी दाराशी परात घेऊन उभी होते. निरांजनाची ज्योत वाऱ्याने एका बाजूला लवत होती आणि कुंकवाचं बोट हवेत तसंच. भाऊबिजेला बहिणीचं बोट असं अधांतरी ठेवून कोणाला उठता येत नाही. दिलीपभाऊ पाटावरून न उठता म्हणाले, "गजा, तिथली मूठभर माती आन."

गजाननने भट्टीच्या बुडातला मातीचा खडा आणला. दिलीपभाऊंनी तो सुपारीशेजारी ताटात ठेवला. आत्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं, लुगडंही घेतलं. "थेबी राहू दे," म्हणाल्या. "एकदा आनलं तं काऊन परत कराचं?"

जेवण झाल्यावर त्यांनी मला परसात नेलं.

"आता मले नीट सांग. भाकर कुठी ठेवतेस, आग कुठी ठेवतेस, जाळ कसा फिरते."

मी नारळाची करवंटी उपडी ठेवली आणि काडीने दाखवलं. आग मागे, पिझ्झा पुढे, जाळ टाळूला लागून वळतो आणि वरून भाजतो. त्या ऐकत होत्या. मग गुडघ्यावर बसल्या, डोकं आणि खांदे भट्टीच्या तोंडातून आत घातले. बराच वेळ आतच होत्या. बाहेर फक्त पाठ, टाचा आणि मागे नवं जांभळं लुगडं धरलेला एक हात दिसत होता. बाहेर आल्या तेव्हा केसांना काजळी लागली होती.

"आतून पाह्यलीच नव्हती म्या," एवढंच म्हणाल्या.

मग घुमटावर दुसरा थर चढला, वीतभर जाड, भरपूर कुटार घातलेला. गुळगुळीत केलेली पाठ त्यांनी स्वतःच विळ्याने खरवडली, नवी माती धरावी म्हणून. आपलं दिवसभराचं घासणं त्यांनी आम्हाला खरवडायला लावलं नाही. वाळायला वेळ लागला. मग पहिल्यांदा आत रोडगे, कणकेचे जाड गोळे, भाजले, कारण आत्यांचं म्हणणं, नव्या आगीने आधी आपलं ओळखीचं खावं. रोडगे फुटले, सोनेरी झाले, चुरून वर तूप घातलं. मग पिझ्झा. तो वरून टम्म फुगला आणि कडा तांबूस झाल्या, तेव्हा गजाननने तो आधी आत्यांसमोर धरला.

आत्यांनी एक तुकडा मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ला. "तारा सुटतात याले," म्हणाल्या. "माहे दात असते तं अजून मजा आली असती." दुसरा मागितला नाही. "मांडेच बरे," असं जाताना ऐकू येईल इतक्या आवाजात बोलून गेल्या.

पण बाजाराच्या दिवशी त्या भट्टीशेजारी दगडावर बसायच्या. गिऱ्हाइकांना रांगेत उभं करायच्या, पोरांना आगीपासून लांब हाकलायच्या, आणि कोणी नवखा आला की सांगायच्या, "माही हाये ही. ओवाळनीची." कॉलेजची पोरं त्यांचे फोटो काढत. त्या डोक्यावर पदर घेऊ का विचारत आणि मग घेत नसत.

नंतर त्यांचे गुडघे गेले, डोळ्यांना कमी दिसायला लागलं. एका पावसाळ्याच्या शेवटी अकोल्याहून त्यांचा मुलगा सुधाकर गाडी घेऊन आला. थंडी संपली की परत आणतो, असं ठरलं होतं. तिकडेच त्या थंडीत त्या गेल्या. आम्हाला फोनवर कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या सकाळी. गाडी आमच्या परसामागच्या बोळात थांबली. मी हात पुसत धावत गेले. त्या मागच्या सीटवर होत्या, मांडीवर पिशवी. मला वाटलं काही आशीर्वादाचं बोलतील. मी वाकून पायाला हात लावायला गेले तर म्हणाल्या, "भट्टी पेटवली नाई आज?"

"आज सोमवार, आत्याबाई. आज बंद असते."

"हवा ओली हाये. रिकामी ठेवशीन तं माती दमट होईन."

"पेटवते नंतर."

"नंतर कोन पाह्यते? आता पेटव."

सुधाकरने हॉर्न वाजवला. "आई, ऊन चढून राह्यलं, चाल न."

"तू थांब बे."

मी पळत गेले. पऱ्हाट्या ओलसर होत्या, काडी दोनदा विझली. मागून हॉर्न, त्यावर आत्यांचं बोलणं. शेवटी कागदाने पेट घेतला, पऱ्हाटी तडतडली, आणि भट्टीच्या तोंडातून धूर आधी खाली वळला, मग वर चढायला लागला. मी भिंतीशी येऊन पाहिलं. गाडी तिथेच होती. खिडकीची काच खाली होती आणि आत्यांनी मान बाहेर काढून, बारीक डोळे करून, आमच्या छपरावरच्या आभाळाकडे पाहणं चालवलं होतं. धूर त्यांना दिसला असावा. त्यांनी मान आत घेतली, पुढच्या सीटवर थाप मारली, आणि गाडी निघाली.